कॉम्प्रेसर नेब्युलायझर, १,४५० रुपये : माणसाचं मशीन, कुत्र्याचं नाक

आधीच सांगतो, हे मशीन लहान पोरांच्या दम्या-खोकल्यासाठी असतंय, डब्यावर फोटोसुद्धा एका गुबगुबीत हसऱ्या पोराचाच आहे, आणि मी ते घेतलं आमच्या गुंड्यासाठी. गुंड्या म्हणजे कुत्रा, वय तीन वर्षं, वजन बावीस किलो, आई गावठी आणि बाप मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा, असं ज्यानं दिला तो सांगत होता, खरं खोटं त्यालाच माहीत, पण नाक मात्र बापाचं आलंय, लांबच लांब. ह्या नाकाचा पुढं लई संबंध येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण हेच पांढरं डबडं वेगवेगळ्या नावांनी विकायला असतंय, आमच्या बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपासच्या मेडिकलवाल्यांकडं विचारलं तर चार दुकानांत चार नावं आणि आत तेच मशीन, तोच निळा बटण, तीच पारदर्शक नळी. डब्यावर एमआरपी २,८०० छापलेली, मला १,४५० ला मिळालं, आणि दुकानदार "अण्णा, बाळाला काय झालंय" म्हणून विचारूलाय, मी म्हटलं बाळाला नाही कुत्र्याला, तर त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा डब्याकडं बघितलं आणि गुपचूप बिल केलं.

आता कुत्र्याला नेब्युलायझर का, तर ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. गणपती होऊन गेले होते, पावसानं आठ दिवस उघडीप दिली होती आणि रविवारी आम्ही सगळे जांबोटीला मामांकडं गेलो. मामांच्या काजूच्या बागेच्या खालच्या अंगाला शेणखत पडलेला एक माळ आहे, पावसाळ्यात तिथं अळंब्या उगवतात, तशा त्या दिवशी बांधाला लागून गोळे उगवले होते, काही लिंबाएवढे, काही रबरी बॉलएवढे, देठ नाही, छत्री नाही, नुसते गोल. कोवळे असताना आतून पनीरसारखे पांढरेशुभ्र असतात म्हणे, पण हे पिकलेले होते, वरची साल कागदासारखी पातळ झालेली आणि मधोमध भोक पडलेलं. पाय लागला की फुस्स, आणि तपकिरी धूर. पोरांना तर खेळच मिळाला. आणि गुंड्याला बॉल दिसला की तो सोडत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, त्यानं एक गोळा तोंडात धरून असा झिंजाडला की पाच सेकंद त्याचं डोकंच दिसेना, धुरातून बाहेर आला तो नाकापासून कानापर्यंत तपकिरी, शिंकतोय, परत जातोय, दुसरा धरतोय. आम्ही सगळे हसतोय. मी व्हिडिओ काढला, एक मिनिट चाळीस सेकंदांचा, त्यात माझाच आवाज आहे, "गुंड्या अजून एक, अजून एक." तो व्हिडिओ मी आजही पूर्ण बघू शकत नाही.

मंगळवारी खोकला लागला. कोरडा, घशात काडी अडकल्यासारखा. जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी छातीला नळी लावली, केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा एकमेकांकडून लागणारा खोकला, म्हणून गोळ्या दिल्या, आणि त्यांनाही मी फार दोष देत नाही कारण मी माळावरचा प्रकार त्यांना सांगितलाच नव्हता, माझ्याच डोक्यात आला नव्हता. गुरुवारी रात्री मात्र त्यानं भाकरी-दूध तोंडात घेतलं नाही. कुशीवर झोपेना, बसूनच होता, कोपरं बाहेर काढून, आणि पोट भात्यासारखं हलतंय. मोबाईलवर टायमर लावून श्वास मोजले, मिनिटाला ५८. झोपलेल्या, शांत कुत्र्याचे तीसच्या आत पाहिजेत. (कुत्रा घरात असलेल्या प्रत्येकानं एकदा आपला कुत्रा निवांत असताना श्वास मोजून आकडा लिहून ठेवा, आजारी पडल्यावर मोजून काय उपयोग, तुलना कशाशी करणार.)

शुक्रवारी सकाळी एक्स-रे असलेल्या दुसऱ्या क्लिनिकला निघालो तर रेल्वेच्या दुसऱ्या गेटला फाटक पडलेलं. मागच्या सीटवर हा तोंड उघडून श्वास घेतोय, जीभ निळसर दिसायला लागलेली, आणि पुढनं मालगाडी जातेय ती संपतच नाही, बायको डबे मोजत होती, सत्तेचाळीस का अठ्ठेचाळीस. ती वेळ वैऱ्यावर येऊ नये.

तिथले डॉक्टर धारवाडकडचे, मराठी तोडकंमोडकं पण माणूस लई शांत. आधी ऑक्सिजन, मग बाकीचं. एक्स-रे लाईटवर लावला तर दोन्ही फुप्फुसांत बारीक बारीक पांढरे ठिपके, काळ्या फरशीवर रवा सांडल्यासारखे. गोचीड तापाची रक्ततपासणी केली, आमच्याकडं पावसाळ्यात कुत्रा आजारी म्हटला की पहिला संशय त्याचाच असतो, ती निगेटिव्ह. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "आठ दिवसांत कुठं कुठं नेला होता, कशात नाक घातलं, सगळं सांगा." बायको म्हणाली जांबोटी, आणि माझ्या डोक्यात एकदम तो व्हिडिओ आला. दाखवला. त्यांनी दोनदा बघितला, आवाज बंद करून, आणि म्हणाले, "नायिकोडे!" कानडीत अळंबीला, म्हणजे न खायच्या अळंबीला, नायिकोडे म्हणतात, नायि म्हणजे कुत्रा आणि कोडे म्हणजे छत्री. आणि आपण मराठीत काय म्हणतो? कुत्र्याची छत्री! त्या टेन्शनमध्येही आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो.

गोळ्यात जो तपकिरी धूर असतो तो म्हणजे अळंबीचे बीजाणू, मोठ्या गोळ्यात अब्जावधी. चार-दोन नाकात गेले तर काही होत नाही, आपण सगळेच रोज कसले ना कसले ओढत असतो, पण असं ढगात डोकं घालून ओढले तर ते थेट खालपर्यंत जाऊन बसतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, त्या मारामारीत फुप्फुसालाच सूज. बुरशी आत वाढत बसते म्हणून आजार असं नसतं बहुतेक वेळा, शरीराचं भांडणच जास्त नुकसान करतंय. ह्याला लायकोपर्डॉनोसिस म्हणतात. नाव अवघड वाटतंय खरं त्या अळंबीच्या लायकोपर्डॉन ह्या नावाचा ग्रीक भाषेतला अर्थ "लांडग्याचा पाद" असा आहे, हे मी रात्री अडीच वाजता मोबाईलवर वाचलं आणि हसावं की रडावं कळेना.

त्याच रात्री हेही वाचलं की १९९४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला आठ पोरापोरींनी, सोळा ते एकोणीस वयाची, एका पार्टीत हेच गोळे मुद्दाम नाकानं ओढले आणि चावलेसुद्धा, पुढच्या तीन ते सात दिवसांत खोकला, ताप, दम, पाच जण ऍडमिट, त्यातल्या दोघांना नळी घालून श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागलं, पण सगळे एक ते चार आठवड्यांत बरे झाले. कुत्र्यांच्या नोंदलेल्या केसेस मोजक्याच आहेत, अमेरिका-कॅनडातल्या. माणसांना हे अजून एका वाटेनं होतंय, नाकातून रक्त आलं की ही पावडर नाकात भरायचा जुना घरगुती उपाय, तो करताना ओढली जाते. मामांना फोनवर सांगितलं तर ते म्हणतात आमचा आज्जा कोयत्याच्या घावावर हीच पावडर दाबायचा. घावावर दाबा नाहीतर नका दाबू मामा, नाकाजवळ नेऊ नका एवढंच.

तर उपचार. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि दिवसभर ऑक्सिजन. स्टिरॉइडला मी आधी घाबरलो, पण डॉक्टरांनी समजावलं की सूजच मारतेय तर सूज उतरवायला तेच पाहिजे, फक्त आत जंतूंचं इन्फेक्शन असलं तर स्टिरॉइडनं ते वाढू शकतं म्हणून रक्त आधी बघितलं आणि अँटिबायोटिक सोबत ठेवलं. शंभर टक्के खात्री करायची तर भूल देऊन फुप्फुसात सलाईन सोडून ते परत ओढून तपासावं लागतं, पण ह्या दमात भूल द्यायला ते तयार नव्हते, आणि व्हिडिओपेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे म्हणाले. संध्याकाळी श्वास चाळीसवर आला. घरी सोडताना चिठ्ठीवर शेवटची ओळ होती, नॉर्मल सलाईनचं नेब्युलायझेशन, दिवसातून तीन वेळा, आणि त्यानंतर पाठीवर थापट्या.

इथून मशीनचा रिव्ह्यू सुरू, उशीर झाला त्याबद्दल माफी.

मशीनचं काम साधं आहे. आतला पंप हवा ढकलतो, कपात तीन-चार मिली सलाईन घालायचं, त्याचं धुकं होतं, मास्कमधून ओढायचं. कागदावर लिहिलंय थेंबाची साईझ १ ते ५ मायक्रॉन. हे वाचून मी थांबलो, कारण त्या गोळ्यांचे बीजाणू साधारण ३ ते ५ मायक्रॉनचे असतात. (आपला केस ७०च्या आसपास असतो.) म्हणजे ह्याच साईझचं काहीही खोल फुप्फुसापर्यंत पोचतं, मोठं असलं तर नाकाघशातच अडकतं. ज्या वाटेनं घाण आत गेली त्याच वाटेनं हे धुकं पाठवायचं, कंपनीनं मुद्दाम जी साईझ केलीय ती माळावरच्या अळंबीला आधीपासून जमलेली आहे. आणि एवढ्या बारीक साईझमुळंच, जाळीचं मुसकं किंवा रुमाल बांधून कुत्र्याला असल्या माळावर नेऊ असं कुणी म्हणत असेल तर उपयोग शून्य.

धुक्याला मार्क पूर्ण. दाट येतं, चार मिली दहा-बारा मिनिटांत संपतं, कपात तळाला थोडं उरतं, ते सगळ्याच मशीनमध्ये उरतं म्हणे.

आवाजाला मात्र मार्क नाही. डब्यावर लिहिलंय "अतिशय शांत". कसलं शांत, जुन्या मिक्सरमध्ये शेंगदाणे घातल्यासारखा आवाज आहे. पहिल्यांदा बटण दाबलं आणि गुंड्या, ज्याला उठून चार पावलं चालायचं त्राण नव्हतं, तो थेट कॉटखाली. दम लागलेल्या कुत्र्याला घाबरवणं म्हणजे होत्याचं नव्हतं करणं, त्यामुळं मी लगेच बंद केलं. मग मशीन नेलं बाथरूममध्ये आणि दार लोटून घेतलं, तर नळी पुरेना, डब्यातली नळी जेमतेम दीड मीटर. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून अजून एक नळी आणि जोड आणला. नळी फार वाढवली तर धुकं मंद होतं हे लक्षात ठेवा, मी तीन मीटरवर थांबलो.

खरी कथा मास्कची. डब्यात दोन मास्क, मोठ्या माणसाचा आणि पोराचा. पोराचा गुंड्याच्या नाकाच्या शेंड्यावर टोपीसारखा बसतोय, मोठा घातला तर दोन्ही बाजूंनी उघडा, सगळं धुकं आमच्या बैठकीत. मी हुशारी करून एक लिटरची पाण्याची बाटली कापून कडेला टेप लावून नाकाला बसवली, त्यानं दोन सेकंदांत पंजानं उडवली आणि टेपचा एक तुकडा गिळला तो वेगळा ताप. शेवटी डॉक्टरांनीच फोनवर युक्ती सांगितली. ऑपरेशननंतर कुत्र्याच्या गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा कोन असतो बघा, तो घालायचा, पुढचं तोंड स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिक रॅपनं तीन भाग झाकायचं, एक भाग हवेला उघडा ठेवायचा, पूर्ण बंद कधीच करायचं नाही, आणि नळीचं टोक खालून आत. कोन शंभर-दीडशेला मिळतो. त्या कोनात बसलेला गुंड्या म्हणजे धुक्यातला आकाशकंदील. पण बसला. पहिल्या दिवशी तीन मिनिटं, दुसऱ्या दिवशी पाच, चौथ्या दिवशी पूर्ण दहा, प्रत्येक वेळी शेवटी एक बिस्किट.

ऑनलाईन खास कुत्र्यांसाठीचा सिलिकॉनचा मास्कही मागवला होता, ६०० रुपये, साईझ चार्ट चुकीचा, वास टायरसारखा, परत केला.

त्यानंतर थापट्या. धुकं देऊन झालं की लगेच हाताची ओंजळ करून बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी, मागून पुढं, हलक्या हातानं पाच मिनिटं थापटायचं म्हणजे चिकटलेला कफ सुटून खोकून बाहेर येतो. आईनं पहिल्याच दिवशी सूत्रं हातात घेतली, "दे इकडं, तुला काय जमूलंय" म्हणून, आणि सपासप भाकरी थापल्यासारखं सुरू. व्हिडिओ पाठवल्यावर डॉक्टरांचा लगेच फोन, "अम्मा, भाकरी नाही, ओंजळ, पोकळ आवाज आला पाहिजे." जमलं नंतर. आता आईसारखं कुणालाच जमत नाही असं आईचं म्हणणं आहे.

शेजारच्या मावशींनी सलाईनमध्ये कापूर घाल, निलगिरीचे दोन थेंब घाल असं सांगितलं, प्रेमानंच सांगितलं, पण असलं काही घालू नका, कापूर कुत्र्याला विषारी असतो. दुसऱ्या एकानं त्याच्या पोराच्या दम्याच्या उरलेल्या औषधाच्या कुप्या आणून दिल्या. त्याही नको. आमच्या डॉक्टरांनी फक्त सलाईन लिहिलं होतं, आम्ही फक्त सलाईन घातलं. सलाईनची मोठी बाटली स्वस्त पडते खरं एकदा उघडली की दिवसेंदिवस ठेवता येत नाही, त्यापेक्षा तीन-तीन मिलीच्या छोट्या कुप्या घ्या.

धुणं कंटाळवाणं आहे. प्रत्येक वेळी कप सुटा करून गरम पाण्यानं धुवायचा, कापडानं पुसायचा नाही, हवेवर वाळवायचा. पण आमच्या बेळगावच्या हवेत त्या आठवड्यात परत पाऊस लागला होता आणि काही वाळतच नाही, कपडे वाळत नाहीत तर कप कुठला वाळणार, म्हणून दोन कप ठेवले. ओला कप तसाच वापरला तर आपण आजारी फुप्फुसात नवीन जंतू सोडणार, त्यापेक्षा न दिलेलं बरं. कपाच्या झाकणाची एक खिट्टी सहाव्या दिवशी तुटली, प्लास्टिक एकदम फालतू. दुकानदारानं कप बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, त्याला मार्क.

लाईट गेली की मशीन ठप्प, ह्याला बॅटरी नाही. खानापूर बाजूला राहणाऱ्यांनी हा विचार आधी करावा. मित्रानं दोन दिवस त्याचं खिशातलं जाळीवालं मशीन दिलं होतं, बॅटरीवर चालतं, आवाज जवळजवळ नाहीच, गुंड्याला कळलंसुद्धा नाही. किंमत दुप्पट-अडीचपट, सरळ उभं धरावं लागतं आणि ती बारीक जाळी साफ ठेवली नाही तर तुंबते. फक्त कुत्र्यासाठी घ्यायचं असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर मी आज तेच घेईन.

आता मुख्य मुद्दा, मशीननं गुंड्या वाचला का? नाही. मी स्वतः डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं की ह्या आजारात काम स्टिरॉइडनं आणि पहिल्या दिवशीच्या ऑक्सिजननं केलं, धुक्यानं कफ पातळ झाला, घसा ओला राहिला, आराम पडला, बस्स. आणि त्याच्याही आधी काम केलं ते त्या व्हिडिओनं. "मशीन आणलं आणि दोन दिवसांत चमत्कार" असले रिव्ह्यू वाचून कुणी दमलेल्या कुत्र्याला घरीच धुकं देत बसेल, म्हणून एवढं लांबण लावलं. जीभ निळी, पोट हलतंय, झोपत नाही, तर मशीनच्या दुकानात नाही, डॉक्टरकडं जायचं, आणि गेल्यावर कुत्र्यानं कुठं तोंड घातलं होतं ते न विचारता सांगायचं.

स्टिरॉइडचे दिवस मात्र भारी गेले. पाणी बादलीभर पितोय, रात्री तीनदा बाहेर नेतोय, आणि भूक अशी की डायनिंग टेबलवरचा पाव किलो कुंदा डब्यासकट खाली. हळूहळू डोस कमी करत तीन आठवड्यांनी बंद झाला, मधेच आपल्या मनानं बंद करायचा नसतो. नंतरच्या एक्स-रेत रवा जवळजवळ पुसला गेला होता.

माझ्याकडून साडेतीन स्टार. अर्धा कापला आवाजाला, अर्धा मास्कला, अर्धा त्या खिट्टीला. फिल्टरची पाच पाकिटं आणून ठेवलीत, कारण आता आईच्या दम्याला डॉक्टरांनी तेच मशीन लावायला सांगितलंय, तिचा मास्क आणि कप अर्थात वेगळा, डब्यावर मार्करनं "आई" लिहून ठेवलंय नाहीतर आमच्या घरात काही भरवसा नाही. संध्याकाळी तिनं बटण दाबलं की गुंड्या आता कॉटखाली जात नाही. येऊन तिच्या शेजारी बसतो, नाक वर करून, दहा मिनिटं, आणि मशीन बंद झालं की बिस्किट मागतो.